परसातलं ॲक्वापोनिक्स: हजार लिटरची टाकी, वीस कोई आणि पालकाचा वाफा

मासे सोडायच्या आधी सहा आठवडे नुसतं पाणी फिरवत ठेवायचं. हे मी सगळ्यात आधी लिहितेय, कारण ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी फिरवून त्यावर भाजी पिकवणं, करायला निघालेला माणूस टाकी, पाइप, पंप सगळं मन लावून जमवतो आणि नेमका इथं घाई करतो. मीही केली होती. पाणी भरल्यावर आठव्याच दिवशी कोई या शोभेच्या माशाची तीस पिल्लं सोडली आणि पुढच्या अकरा दिवसांत त्यातली बावीस गेली. मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सहायक होते. पाणी तपासणं हे माझं रोजचं काम होतं. पण "पाणी काचेसारखं आहे की, सोडा बिनधास्त," असं पिल्लं देणाऱ्यानं म्हटलं आणि मी पाणी तपासायचं किट न घेताच सोडली. मेलेल्या पिल्लाचे कल्ले उघडून बघितले तर लाल नाही, तपकिरी होते, कडक चहासारखे. ते नायट्राइटचं विष. पाणी स्वच्छ दिसतं आणि तरी मारतं.

म्हणून आधी आत काय चालतं ते समजून घ्या. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फारसं बाधत नाही आणि झाडांना तेच हवं असतं. झाडं ते उचलतात, पाणी परत टाकीत येतं. हे जिवाणू पाण्यात कमी आणि खडीच्या पृष्ठभागावर जास्त राहतात, सावकाश वाढतात. तुम्ही खरं तर पाळताय ते जिवाणू. मासे त्यांना खाऊ घालतात आणि पालक त्यांच्या जिवावर वाढतो.

आमचं घर बार्शीचं. बोअरचं पाणी जड, मे महिन्यात ऊन ४२ अंशांवर, आणि घर माळकरी. सासूबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "मासे कापायचे नाहीत. ठेवायचे तर लेकरासारखे ठेव." म्हणून माझ्याकडं कोई आहेत, शोभेचे. भाजीला फरक पडत नाही. झाडांना खत मिळतं ते माशांना घातलेल्या खाद्यातून, मासा ताटात येणार की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. खाण्यासाठी पाळायचे असतील तर सायप्रनस (कॉमन कार्प) किंवा रोहू चालतील, फक्त रोहूला एवढ्या छोट्या टाकीत वाढायला वर्षाहून जास्त लागतं. उजनीच्या बाजारात दिसणारी चिलापी (तिलापिया) या कामाला उत्तम, पण तिच्या पालनाला सरकारी परवानगी लागते, ती काढल्याशिवाय नको. थाई मागूर कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका, त्याच्यावर बंदी आहे.

टाकी आणि खड्डा

लोखंडी पिंजऱ्यातली पांढरी चौकोनी हजार लिटरची टाकी भंगारवाल्याकडं मिळते. तो तिला आयबीसी म्हणतो. आत आधी काय होतं ते लेबलावर वाचा. ग्लिसरीन, साखरेचा पाक, खाद्यतेल असेल तर घ्या. लेबल खरवडलेलं असेल, किंवा झाकण उघडल्यावर रंगाचा, औषधाचा वास आला, तर फुकट मिळाली तरी नको. धुऊन सगळंच जात नाही, प्लास्टिक पितं.

वरून ३५ सेंटिमीटरवर ग्राइंडरनं कापा. वरचा भाग उलटा केला की तो झाडांचा वाफा, साधारण १.२ चौरस मीटरचा. त्या भागाचं तोंड, म्हणजे झाकणाचं भोक, आता तळाला येतं. ते झाकण सिलिकॉन लावून कायमचं बंद करा. खालचा भाग माशांचा, त्यात ६५० लिटर पाणी राहतं.

माशांची टाकी मी अर्धी जमिनीत घेतली आणि त्याचा फायदा दर उन्हाळ्यात बघते. खड्डा ५० सेंटिमीटर खोल. आमची माती काळी, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती टाकीला चारी बाजूंनी दाबते. म्हणून खड्डा टाकीपेक्षा वीतभर रुंद घेऊन तळाला आणि बाजूंना मुरूम भरला. टाकीची कड जमिनीपासून फूटभर वर राहिलीच पाहिजे, नाहीतर पहिल्या वळिवाचं गढूळ पाणी सरळ आत. आणि पावसाळ्यात टाकी कधी पूर्ण रिकामी करू नका, खालून पाण्यानं ती वर उचलली जाते. उघड्या राहिलेल्या भागाला बाहेरून आधी काळा आणि मग पांढरा रंग द्या. काळ्यानं उजेड अडतो आणि शेवाळ धरत नाही, पांढऱ्यानं ऊन परततं.

वाफ्याच्या वजनाला कमी लेखू नका. ३०० लिटर खडी म्हणजे पावणेपाचशे किलोच्या आसपास, त्यात पाणी भरलं की सहाशे. हे गच्चीवर किंवा छज्ज्यावर ठेवायचं काम नाही. मी सिमेंटच्या ब्लॉकचे तीन थर रचले, खाली फरशी, आणि वाफ्याच्या तळाला आधार मध्यभागीसुद्धा दिला. वाफा टाकीला चिकटून आणि तिच्या कडेपेक्षा उंच हवा, म्हणजे पाणी आपसूक खाली उतरतं.

खडी

क्रशरवरची १२ ते २० एमएमची काळी खडी घ्या. आपला काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही. पण खडीत चुनखडीचे पांढरट गोळे मिसळलेले असतात, आमच्या भागात तर हमखास, आणि ते पाण्याचा पीएच वर्षानुवर्षं खाली येऊ देत नाहीत. मूठभर खडी वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर त्या ढिगातली नको. माझ्या पहिल्या ट्रॉलीत एक वाटी शांत होती, दुसरीत फेस आला. मी तीन जागांहून नमुने घेतले म्हणून कळलं. तुम्हीही ढिगाच्या वरून, मधून आणि खालून घ्या.

मग धुणं. घमेल्यात घ्यायचं, पाणी सोडायचं, हातानं ढवळायचं, राखाडी पाणी ओतून द्यायचं. पाणी नितळ येईपर्यंत तेच. मला तीन दिवस लागले. धुतलेलं पाणी मी नारळाच्या आळ्यात घातलं. या कामात टाळाटाळ केली तर ती भुकटी पुढं सायफनमध्ये (वाफा आपोआप रिकामा करणारे पाइप, ते पुढं सांगते) आणि पंपात जाऊन बसते. खडी भरायची ती ३० सेंटिमीटर, पण तळाला सायफन बसवून झाल्यावर.

बेल सायफन

वाफा पाण्यानं भरायचा आणि दर थोड्या वेळानं रिकामा व्हायचा. पाणी उतरताना खडीच्या मोकळ्या जागेत हवा ओढली जाते, आणि मुळांना व जिवाणूंना प्राणवायू मिळतो. हे काम बेल सायफन करतो, त्याला ना वीज लागते ना टायमर.

वाफ्याच्या तळाला भोक पाडून एक इंची टँक निपल, म्हणजे भोकात घट्ट बसणारा पाइपचा जोड, बसवा. आतून त्यात २४ सेंटिमीटर उंचीचा एक इंची उभा पाइप लावा आणि त्याच्या डोक्यावर दीड इंच ते एक इंच असा रिड्युसर, नरसाळ्यासारखा. खडी ३० सेंटिमीटर आणि पाइप २४, म्हणजे वरची पाच-सहा सेंटिमीटर खडी कायम कोरडी राहते. त्यानं शेवाळ धरत नाही आणि डास अंडी घालत नाहीत. या पाइपवर तीन इंची पाइपची बेल पालथी घालायची. वरून एंडकॅप सोल्युशननं घट्ट, तळाला चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर उंचीच्या खाचा. त्याच्याभोवती चार इंची पाइपची जाळी, ग्राइंडरनं चिरा पाडलेली, खडी आत येऊ नये म्हणून. टँक निपलच्या खालून पाइप टाकीत सोडा आणि त्याच्या शेवटी एक एल्बो लावा. त्या वळणामुळं सायफन पकड घेतो.

चालताना काय दिसतं ते सांगते, कारण पहिल्यांदा बघताना कळत नाही की नीट चाललंय की नाही. पाणी खडीत चढत राहतं, वरून काहीच दिसत नाही. मग खालच्या पाइपातून बोटाएवढी धार सुरू होते. अर्धा-पाऊण मिनिट ती तशीच राहते, मग एकदम जाड होते, एल्बोतून टाकीत जोरात पडायला लागते आणि कोई त्या फेसात येऊन उभे राहतात. दोन-तीन मिनिटांत वाफा उतरतो. शेवटी बेलमध्ये खाचांतून हवा शिरते आणि घुर्रर्र असा आवाज येतो, तांब्या तोंडानं पालथा बुडवून उचलल्यासारखा. आवाज थांबला की धार तुटते आणि पाणी परत चढायला लागतं. तो घुर्रर्र आता आम्हाला स्वयंपाकघरातून ऐकू येतो. बराच वेळ आला नाही तर सासूबाई हाक मारतात, "अगं, तुझं पाणी गप्प झालंय."

धार जाड न होता नुसती वाहत राहिली तर पंपाचं पाणी कमी पडतंय किंवा एंडकॅपमधून हवा येतेय. वाफा रिकामा होऊनही धार तुटत नसेल तर पाणी जास्त येतंय. पंपाच्या पाइपवर एक व्हॉल्व्ह लावा आणि थोडा-थोडा फिरवून जुळवा. माझा पाऊण तास गेला. एकदा जुळलं की व्हॉल्व्हवर खूण करून ठेवा.

पंप, वीज आणि लाइट जाणं

पंप असा घ्या की तो दीड मीटर उंचीला तासाला सहाशे-सातशे लिटर पाणी देईल. खोक्यावरचा मोठा आकडा शून्य उंचीचा असतो, उंची वाढली की तो झपाट्यानं खाली येतो. कूलरचा पंप लावून बघणारे खूप आहेत. तो बारा महिने चोवीस तास चालायला बनवलेला नसतो. ३५ वॅटचा पंप महिन्याला साधारण २५ युनिट घेतो. पाण्यात वीज आहे, तर अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) हे दोन्ही हवेत. ते वायरमनकडूनच करून घ्या.

हवेचा पंप वेगळा लावा आणि तो इन्व्हर्टरवर घ्या. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो, २५ अंशांना लिटरमागं ८ मिलिग्रॅमच्या पुढं, ३५ अंशांना सातच्या आत. आणि मासे तेव्हाच जास्त श्वास घेतात. म्हणजे मे महिन्यात, रात्री, लाइट गेल्यावर संकट येतं. एकदा तीन तास लाइट नव्हती, त्या रात्री सगळे कोई तोंड वर काढून पृष्ठभागावर आले होते. मी आणि मुलगा आलटूनपालटून तांब्यानं पाणी उचलून उंचावरून ओतत बसलो, लाइट येईपर्यंत. वाचले सगळे. दुसऱ्याच दिवशी हवेचा पंप इन्व्हर्टरला जोडला, तो इतकी थोडी वीज खातो की रात्रभर चालतो.

पाणी आणि ते सहा आठवडे

नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जायला ते हवेच्या पंपासह दोन दिवस उघडं ठेवा. आमच्या बोअरचा पीएच ८.२ होता. जिवाणूंना सातच्या थोडं वर आवडतं, झाडांना सातच्या खाली, माशांचं दोन्हीत भागतं. ६.८ ते ७.२ मध्ये ठेवलं की सगळ्यांचं जमतं. मी पत्र्याच्या पन्हाळीचं पावसाचं पाणी साठवते आणि बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळते. लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड घालून पीएच पाडू नका, ते जिवाणूंना मारतं.

आता अमोनिया द्यायचा, पण माशांशिवाय. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारातला खडा नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही. रसायनं विकणाऱ्याकडून शुद्ध घ्या. ७०० लिटरला ५ ग्रॅम, तांब्याभर पाण्यात विरघळवून टाकीत ओता. अमोनिया लिटरमागं २ मिलिग्रॅमच्या आसपास जातो. कुणाच्या घरी जुनी, निरोगी माशांची काचपेटी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंज मागून आणा आणि त्याचं पाणी वाफ्यात पिळा. त्यानं आठवडा-दोन आठवडे वाचतात.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारं थेंबांचं किट घ्या. पट्ट्यांचं नको. सगळं मिळून माझे पंधरा हजारांच्या आसपास गेले, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ आली तर मी आधी किट घेईन आणि मग टाकी. माझ्या किटमध्ये अमोनियाची नळी पिवळी असली की नाही, हिरवी होत गेली की आहे. नायट्राइटची आकाशी असली की नाही, जांभळी झाली की आहे. नळी पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात धरा, ट्यूबलाइटखाली जांभळ्याचा अंदाज चुकतो.

पहिले नऊ-दहा दिवस काहीच होत नाही. अमोनियाची नळी हिरवीच. मग एक दिवस ती फिकी होते आणि नायट्राइटची नळी जांभळट दिसते. तिसऱ्या आठवड्यात ती गडद जांभळी, वांग्याच्या सालीसारखी. इथं माणसाला वाटतं, बिघडलं. बिघडलेलं नाही, दुसऱ्या टप्प्याचे जिवाणू अजून तयार व्हायचेत. अमोनिया शून्यावर आला की नवसागर परत तेवढाच द्या, नाहीतर पहिले जिवाणू उपाशी राहतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एका सकाळी जांभळं उतरून आकाशी दिसतं. आदल्या दिवशी दिलेला २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग तीन दिवस दिसलं की मासे आणा.

मासे, खाद्य, झाडं

एवढ्या वाफ्याला वीस कोई पुरे. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा, मग टाकीतलं पाणी वाटी-वाटीनं आत घाला आणि जाळीनं मासे सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. टाकीवर जाळी हवीच, खंड्या आणि मांजर दोघांना पत्ता पहिल्याच दिवशी लागतो.

खाद्य तरंगणारं, २८ ते ३२ टक्के प्रथिनांचं. अंदाजानं नको, वजनकाट्यावर मोजून. पालेभाज्यांच्या वाफ्याला चौरस मीटरमागं दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य लागतं. पण ही शेवटची मजल, मासे मोठे झाल्यावरची. पिल्लांना सुरुवातीला दोन वेळा मिळून ५-६ ग्रॅम. पाच मिनिटांत संपलं नाही तर उरलेलं काढून घ्या आणि उद्या कमी द्या. पावसाळ्यात खाद्याला बुरशी लागते, वास बदलला की टाकून द्या, माशांचा जीव जाऊ शकतो. जानेवारीत सकाळी पाणी गार असतं तेव्हा ते नीट खात नाहीत, मी दुपारीच एकदा देते.

रोपं कोकोपीटमध्ये करा आणि लावताना मुळांवरचं सगळं धुऊन टाका, माती वाफ्यात नको. पालक, कोथिंबीर, अंबाडी, तुळस पहिल्या महिन्यापासून येतात. अळू तर असा येतो की एकाच पानाच्या वडीत आमच्या चौघांचं भागतं. टोमॅटो आणि वांगी चार-पाच महिन्यांनंतर, नायट्रेट जमलं की. मुळा-गाजर नाही. दुसऱ्या महिन्यात मूठभर गांडुळं धुऊन वाफ्यात सोडा, खडीत साचलेली घाण ती संपवतात.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलंय. माशांच्या खाद्यातून ते पुरेसं येत नाही, म्हणजे तुमची चूक नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (पाण्यात विरघळून राहणारं) मागा, पण पुडीवर डीटीपीए आहे ना बघा. ईडीटीए आपल्यासारख्या पीएचला टिकत नाही. ११ टक्केवाल्याचं १२ ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा.

मावा पडला की हात आपोआप निंबोळी अर्काकडं जातो. नाही. कडुनिंबाचं तेल, दशपर्णी अर्क, साबणाचं पाणी, यातलं काहीही पानांवरून ओघळून टाकीत जातं आणि मासे मरतात. शेजारच्या वहिनींनी प्रेमानं जीवामृताची बादली आणली होती, तिलाही नको म्हणावं लागलं. गोमूत्राचा अमोनिया एका झटक्यात टाकीत गेला असता. ते त्यांच्या पेरूला घातलं. माव्याला पाण्याची जोरदार धार मारा, पिवळे चिकट सापळे लावा, अळ्या हातानं वेचा.

आठवड्यातून एकदा चारही नळ्या. उन्हाळ्यात रोज दीड बादली पाणी उडतं, तेवढं भरा. कालांतरानं पीएच आपोआप खाली येतो, जिवाणूंच्या कामामुळंच. ६.५ च्या जवळ आला की मी पावसाच्या पाण्याऐवजी आठवडाभर नुसतं बोअरचं घालते. ज्या जड पाण्याला मी सुरुवातीला नावं ठेवली तेच इथं उपयोगी पडतं.

पुदिना बेलपासून लांबच्या कोपऱ्यात लावा. माझा जवळ होता, मुळं चिरांतून जाळीच्या आत शिरली आणि सायफन अडला. आता दर चार महिन्यांनी बेल उचलून आतली मुळं कापते. बेल नुसती वर ओढली की निघते, म्हणून तिला कधी चिकटवायची नाही.